सत्तर अंशांवर दीड तास

"मावशी, परत जाळी पडली," नवी फोनवर म्हणाली. "अगदी पावासारखी. आता काय करू?"

ही नवी म्हणजे नुकतीच कवळ्यांची लॅब काढलेली मुलगी. मी पातेल्यापाशी उभी होते. फोन खांद्याने कानाशी दाबलेला, एक हात गॅसच्या बटणावर आणि डोळे थर्मामीटरवर. पातेल्यात चार कवळ्यांचे पितळी साचे बुडवलेले होते. लोकांना वाटतं, कवळी म्हणजे दात. दात तर तयार विकत मिळतात. खरं काम असतं ते गुलाबी हिरडीचं. कंपनीची पावडर आणि कंपनीचं लिक्विड एकत्र मळायचं, तो गोळा साच्यात दाबायचा आणि साचा गरम पाण्यात शिजवायचा. पाणी घाईने तापलं की गोळा आतून उकळतो आणि हिरडीला भोकं पडतात. त्यालाच आम्ही जाळी म्हणतो. अशी कवळी तोंडात गेली की चार दिवसांत वास मारते आणि आठव्या दिवशी मोडते.

"पाणी किती वेळ धरलंस?" मी विचारलं.

"पुस्तकात आहे तेवढंच. सत्तर अंशांवर अर्धा तास आणि मग उकळी."

"ते पुस्तक ठेव बाजूला. आता मी सांगते तसं कर."

"थांबा हं मावशी, मशीनपाशी जाते. त्याच्यावरच आकडा लावायचा असतो."

"कसलं मशीन?"

"हेच हो, कंपनीने दिलं ते. साचे आत ठेवायचे, आकडा लावायचा आणि आपण आपलं निवांत बसायचं. सगळ्या नव्या गिऱ्हाइकांना फुकट दिलंय. तुमच्याकडे नाही का?"

मी थर्मामीटरकडे बघत राहिले. पारा सत्तरच्या वर सरकायला लागला होता, म्हणून गॅस बारीक केला. त्या दिवशी सकाळपासून मी तीन तास उभी होते आणि अजून दोन तास उभं राहायचं होतं. पातेल्यापाशी बसता येत नाही. बसलं की पारा दिसत नाही आणि पारा दिसला नाही की चार माणसांच्या हिरड्या वाया जातात. चोवीस वर्षांत माझे गुडघे असे झाले होते की जिना उतरताना त्यांचा आवाज खालच्या मजल्यावर ऐकू जायचा.

"बोला मावशी, किती लावू?" नवीने विचारलं.

"पुस्तकात लिहिलंय तेवढंच लाव," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

माझा सूड तिथे सुरू झाला.

आता हे नीट सांगायला हवं, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल बाई एका मशीनसाठी जळली. जळलेच. नाही कशाला म्हणू? पण जळण्याला कारण होतं.

चोवीस वर्षांपूर्वी मी या कंपनीचा माल घ्यायला लागले तेव्हा माझ्याही कवळ्यांना जाळी पडायची. पहिल्या महिन्यात अकरा कवळ्या फोडून टाकल्या. बाराव्या वेळी हट्टाला पेटले, पातेल्यापाशी उभी राहिले, दर दहा मिनिटांनी नोंद केली आणि मला कळलं की या मालाला सत्तर अंशांवर अर्धा तास नाही, दीड तास लागतो. पुस्तक छापणाऱ्याने चूक केली होती. मी कंपनीला पत्र लिहिलं. उत्तर आलं, आपली सूचना मोलाची आहे. सोबत एक पेन आलं. पुस्तक मात्र तसंच राहिलं.

मग कंपनीच्या माणसाला सोपी वाट सापडली. कुठेही नवी लॅब निघाली, तिथे जाळी पडली, की तो सांगायचा, "मावशींना फोन करा, त्या सांगतील." आणि मी सांगायचे. किती जणांना सांगितलं याची गणती नाही. खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचंही. लोक दोनशे मैलांवरून फोन करायचे आणि "मावशी, तुमच्यामुळे जमलं" म्हणायचे. बाईमाणसाला घरात तेवढं कोण म्हणतं? त्या कौतुकापायी माझ्या एक गोष्ट लक्षातच आली नाही. माझ्या फोनमुळे पुस्तकातली चूक कुणाला दिसायचीच नाही. कंपनीला वाटायचं, आपला माल निर्दोष. आंधळं दळत होतं आणि कुत्रं पीठ खात होतं. आंधळी कोण, ते सांगायला नको.

कंपनीचा माणूस दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी यायचा. त्याला मी गोडबोल्या म्हणते. त्याचं खरं नाव मला माहीत आहे, पण ते त्याला शोभत नाही. माणूस भेटला की मी आधी त्याचे दात बघते. वाईट खोड आहे, पण धंद्याने लावलेली. गोडबोल्याचे दात पांढरेशुभ्र, फक्त उजवीकडचा सुळा जरा पुढे, त्यामुळे तो हसला की चावायला येतोय असं वाटतं.

"काय मावशी, तब्येत काय म्हणते?"

"गुडघे म्हणतात, मशीन आण."

तो हसला. "तुम्हालाही कळलं का? ती योजना नव्या गिऱ्हाइकांसाठी आहे हो."

"आणि जुन्यांसाठी काय आहे?"

"जुने म्हणजे आमचा परिवार. परिवारात कुणी योजना करतं का?"

"परिवारात कुणाचे गुडघे दुखले तर निदान विचारतात."

"विचारलं की आत्ताच."

"अरे, ती नवी," मी म्हटलं, "तिला येऊन तीन महिने झाले नाहीत. तिला काम कोण शिकवतं? मी. तुझा माल तिच्याकडे कुणाच्या जिवावर टिकतो? माझ्या. मग मशीन तिला आणि मला काय?"

"तुम्हाला डायरी आणलीय ना," तो म्हणाला आणि खरोखरच बॅगेतून डायरी काढून माझ्या टेबलावर ठेवली.

मी डायरीकडे बघितलंसुद्धा नाही. तेव्हा तो जरा जवळ सरकला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "मावशी, तुम्ही घरच्या म्हणून खरं सांगतो. साहेबांचं म्हणणं असं, की नव्या गिऱ्हाइकाला ओढून आणावं लागतं. जुनं गिऱ्हाईक काय, ते आहेच. तुम्ही आता कुठे जाणार आहात?"

हे त्याने खवचटपणे म्हटलं असतं तर मी चार शब्द सुनावले असते आणि विसरून गेले असते. पण त्याने ते मायेने म्हटलं. म्हाताऱ्या गाईच्या पाठीवर थाप मारावी तसं.

"एक करता येईल," तो पुढे म्हणाला. "तुमच्या सूनबाईंच्या नावाने नवी लॅब दाखवू. जागा हीच, हात तुमचेच. फक्त कागदावर नाव नवं. आठवड्याभरात मशीन दारात."

"आणि माझं नाव?"

"ते बंद करू."

"चोवीस वर्षांचं?"

"कागदावरच हो, मावशी."

त्या दिवशी मी त्याला चहा विचारला नाही. चोवीस वर्षांत पहिल्यांदाच. तो थोडा वेळ चहाच्या आशेने रेंगाळला आणि गेला.

आमचे हे जन्मभर एका कचेरीत लिफ्ट चालवायचे. लोकांना वर नेता नेता स्वतः तिथेच राहिले, म्हणून त्यांचा स्वभाव शांत आहे. संध्याकाळी मी सगळं सांगितलं तर म्हणाले, "अगं, नव्याचे नऊ दिवस. दहाव्या दिवशी तीही जुनी होईल. तिलाही मग डायरीच."

"तोवर मी उभी राहू?"

"मग घे ना सूनबाईच्या नावाने. तुला मशीनशी मतलब."

"मला मशीनशी मतलब नाही," मी म्हटलं, "आता नाही." आणि ते खरं होतं. सकाळपर्यंत मला फक्त बसायचं होतं. संध्याकाळी मला कंपनीचे दात कंपनीच्याच घशात घालायचे होते.

त्या वर्षी कंपनीने आमच्या बाजूला सात नवी गिऱ्हाइकं जोडली होती. सातही जणांकडे मशीन, सातही जणांकडे ते पुस्तक आणि सातही जणांकडे माझा नंबर. फोन यायचे तसे येत राहिले. मी सगळे उचलले. फोन न उचलणं म्हणजे रुसवा झाला, सूड नव्हे. मी उचलायचे, गोड बोलायचे, मुलंबाळं कशी आहेत विचारायचे आणि शेवटी सांगायचे, "पुस्तकात लिहिलंय तसंच करा. कंपनी चुकीचं कशाला छापेल?"

मीही अकरा कवळ्या फोडल्या होत्या, त्यांनीही फोडाव्यात. बाराव्या वेळी पाण्यापाशी उभं राहून बघितलं असतं तर त्यांनाही कळलं असतं. पण त्यांच्याकडे मशीन होतं. आकडा लावला की काम झालं, त्यामुळे उभं राहायचं कुणाच्या मनातच आलं नाही. हे मला आधी सुचलं नव्हतं. सुचलं त्या दिवशी मी स्वतःशीच हसले, आणि त्या हसण्याचं मला बिलकूल वाईट वाटलं नाही.

दोन महिन्यांत गंमत दिसायला लागली. चौकातल्या दवाखान्याच्या डॉक्टरीणबाई नवीकडे गेल्या होत्या, त्या माझ्याकडे परत आल्या. "तुमचीच कवळी बरी हो मावशी. त्या नवीकडच्या दोन मोडल्या. एक तर पेशंटच्या तोंडातच." मी "अरेरे" म्हटलं. मग दुसरा दवाखाना आला, तिसरा आला. पातेल्यात आता चारऐवजी सहा साचे बसवायला लागले. गुडघे ठणकत होते, पण मनाला इतकं बरं वाटत होतं की मी दिवसभर गुणगुणत असायचे. ह्यांनी एकदा विचारलं, "आज काय आहे?" मी म्हटलं, "आज तिसऱ्या लॅबने माल परत पाठवला."

गोडबोल्या मंगळवारी आला तेव्हा सुळा ओठाआड होता. "मावशी, तुम्ही सगळ्यांना सांगताय ना नीट?"

"सांगते की. विचार कुणालाही. तब्येतीचीसुद्धा चौकशी करते."

आणि मग एका दुपारी नवी स्वतःच दारात उभी राहिली.

मी तिला पहिल्यांदाच बघत होते. पस्तिशीची, हडकुळी, बोटांना साच्यातलं प्लास्टर लागून भेगा पडलेल्या. दात बारीक, एकसारखे, पुढचे दोन जरा विलग. तिने पिशवीतून पाच कवळ्या काढून माझ्या टेबलावर ओळीने मांडल्या. पाचही जाळीदार.

"मावशी, एक खरं सांगाल?" ती म्हणाली. "माझ्या हाताला काही दोष आहे का?"

मी एक कवळी उचलून उजेडात धरली. हिरडी चाळणी झाली होती, पण दातांची ठेवण मी दोनदा बघितली. पुढचा एक दात तिने किंचित तिरपा लावला होता, म्हातारपणी खऱ्या दातांचा होतो तसा. हे कुणी शिकवत नाही. ते बघणाऱ्याच्या डोळ्यांत असावं लागतं. मला ते सुचायला दहा वर्षं लागली होती.

"हाताला दोष नाही," मी म्हटलं.

"मग? मशीन तर नवंकोरं आहे. मी सारखी त्याच्यासमोर बसून असते, जागची हलत नाही."

जिभेवर आलेलं वाक्य मी गिळलं. ती 'बसून असते' म्हणाली नसती तर कदाचित मी सांगून टाकलं असतं. तिला बिचारीला काय माहीत तो शब्द मला कुठे लागला ते.

"माल खराब असेल. कंपनीला लिही."

"लिहिलं. ते म्हणाले, मावशींना विचारा."

यावर मला हसू आलं आणि तीही हसली. मी तिला चहा करून दिला. चहा पिताना ती म्हणाली की तिने पक्की नोकरी सोडून लॅब काढली होती, सासू रोज तेवढ्यावरून टोमणे मारते. मी ऐकून घेतलं. चांगली मुलगी होती. तिच्याशी माझं काही वैर नव्हतं. दोन शब्द सांगायचे होते, फक्त दोन. दीड तास. मी तिला दारापर्यंत पोचवलं, पायरी मोडकी आहे, जपून उतर म्हटलं, आणि सांगितलं नाही.

तिसऱ्या महिन्यात तिची लॅब बंद झाली. ती चष्म्याच्या दुकानात कामाला लागली असं डॉक्टरीणबाईंकडून कळलं. तिचं मशीन कंपनीने उचलून नेलं आणि आणखी कुणा नव्याला दिलं. सुक्याबरोबर ओलंही जळतं, असं मी स्वतःला सांगितलं. दिवसातून बऱ्याच वेळा सांगितलं.

पण मला अजून पुरलं नव्हतं. गोडबोल्याचं ते वाक्य डोक्यातून जात नव्हतं. तुम्ही कुठे जाणार आहात? तेव्हा मी दुसऱ्या कंपनीला फोन केला.

दुसऱ्या कंपनीने माझं असं स्वागत केलं की मला स्वतःचीच शंका आली. दोन माणसं आली. फुलं आणली. "आमच्या परिवारात तुमचं स्वागत," म्हणाले. परिवार हा शब्द ऐकून माझा डावा गुडघा उगाचच ठणकला. मशीन आलं. पांढरं, काचेच्या झाकणाचं, पहिल्या कंपनीच्यापेक्षा मोठं. एकाच वेळी आठ साचे मावतील असं. मी नवं गिऱ्हाईक झाले होते, अठ्ठावन्नाव्या वर्षी.

पहिला घाणा लावला त्याच सकाळी माझ्या जुन्या कंपनीचे साहेब आले. चोवीस वर्षांत त्यांचं पाऊल पहिल्यांदाच माझ्या लॅबला लागलं. मागे गोडबोल्या. लॅबमध्ये खुर्ची एकच, आणि तिच्यावर मी बसले होते. बसा म्हटलं नाही.

"मावशी," साहेब म्हणाले. त्यांच्या खालच्या दाढा काढलेल्या होत्या, गाल आत गेले होते. "आमच्या मालाबद्दल इतक्या वर्षांत या भागातून एक तक्रार नव्हती. आणि या वर्षी एकदम सातही नव्या गिऱ्हाइकांकडून. हा म्हणतो, तुमच्याकडे काहीतरी युक्ती आहे."

"युक्ती कसली? तुमच्या पुस्तकात सगळं आहे."

"तीच तर अडचण आहे. पुस्तकाप्रमाणे होत नाही."

"होत नाही?" मी म्हटलं. "मी तर चोवीस वर्षांपूर्वी पत्र लिहून तेच कळवलं होतं. तुमचं उत्तर आलं, सूचना मोलाची आहे. पेनही आलं होतं. चांगलं चालायचं."

साहेबांनी गोडबोल्याकडे बघितलं. गोडबोल्याने प्लास्टरच्या पोत्याकडे बघितलं.

"झालं ते झालं," साहेब म्हणाले. "आता तुम्ही ती पद्धत आम्हाला लिहून द्या. आणि मशीनचं म्हणाल, तर जुन्या गिऱ्हाइकांसाठी आम्ही खास विचार केलाय. निम्म्या किमतीत देऊ."

"निम्म्या."

"खास तुमच्यासाठी."

मी उठले नाही. बसल्या जागेवरूनच हात लांब करून मशीनवरचं फडकं बाजूला केलं. आत आठ साचे शांतपणे शिजत होते. दुसऱ्या कंपनीचं नाव झाकणावर ठसठशीत लिहिलेलं होतं.

साहेब ते नाव वाचत राहिले. "मावशी, असं कसं? चोवीस वर्षांचं नातं..."

"कागदावरच हो, साहेब," मी म्हटलं. "आणि मी कुठे गेले नाही बरं का. इथेच आहे. जागा हीच, हात हेच. फक्त नवी झाले."

गोडबोल्याने मान वर केली. त्याला त्याचीच वाक्यं ओळखू आली असावीत, कारण त्याचे कान लाल झाले. दोघं निघाले. मोडक्या पायरीबद्दल मी त्यांना काही सांगितलं नाही. साहेबांचा पाय मुरगळला असावा, कारण गाडीपर्यंत ते गोडबोल्याच्या खांद्याला धरून गेले. मी खिडकीतून ते डोळे भरून बघितलं. असा दिवस माणसाच्या आयुष्यात एखादाच येतो, आणि तो मी बसून साजरा केला.

दुपारी मशीनची घंटी वाजली. नव्या कंपनीच्या पुस्तकात लिहिलं होतं तसे साचे नळाखाली गार केले आणि पहिला उघडला.

जाळी नव्हती. पण दातांच्या भोवती, जिथे हिरडी सुरू होते तिथे, पांढरट बारीक रेघा उठल्या होत्या, जुन्या कपबशीला असतात तशा. दुसरा उघडला, तेच. आठही साचे उघडले. आठही वाया. त्यातली एक कवळी एका निवृत्त मास्तरांची होती आणि गुरुवारी ती त्यांच्या तोंडात बसायची होती. महिनाभर पेजेवर होते बिचारे.

मी नव्या कंपनीला फोन केला. एका गोड आवाजाच्या मुलीने स्वागत केलं, माझं म्हणणं ऐकलं आणि म्हणाली, "पुस्तकाप्रमाणे केलंत ना? मग असं करा, एक नंबर देते तो घ्या. आमचे फार जुने गिऱ्हाईक आहेत. खूप अनुभवी. आमचे सगळे नवे लोक त्यांनाच विचारतात."

मी नंबर लिहून घेतला. त्या आकड्यांकडे बघताना 'मावशींना विचारा' आठवलं. तरी फोन लावला, कारण गुरुवारी मास्तर येणार होते.

पलीकडून एका म्हाताऱ्या माणसाचा आवाज आला. त्यांच्या 'स'मधून वारा जात होता, त्यावरून पुढचे दात नाहीत हे मला लगेच कळलं. जन्मभर लोकांचे दात बनवायचे आणि स्वतःचे करायला सवड मिळत नाही, हे मला नवीन नव्हतं.

"पांढऱ्या रेघा ना?" मी काही सांगायच्या आधीच ते म्हणाले. "पहिला घाणा असेल."

"हो. पण मी या धंद्यात नवी नाही, काका. चोवीस वर्षं झाली."

"होय का? मग तुम्हाला सांगायला सोपं जाईल. हे बघा ताई, यांच्या पुस्तकात..."

"थांबा," मी म्हटलं. "आधी मला सांगा, तुम्हाला मशीन दिलंय का त्यांनी?"

"मला कशाला देतील? मी एकतीस वर्षं यांच्याकडेच आहे."

"मग तुम्ही लोकांना फुकट का सांगता? सांगू नका. मलाही सांगू नका. तुम्ही सांगत राहिलात तर त्यांना तुमची किंमत कधीच कळणार नाही." आणि मग मी त्यांना सगळं सांगितलं. गोडबोल्या, डायरी, सात लॅबा, नवीच्या पाच जाळीदार कवळ्या, साहेबांचा मुरगळलेला पाय. सांगताना माझा आवाज चढला होता. मला वाटलं ते हसतील, शाबास म्हणतील.

त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग विचारलं, "आणि ती मुलगी? आपल्या हाताला दोष आहे का, असं विचारत होती ती?"

"तिची लॅब बंद झाली."

"तिला मग कळलं का, दोष नव्हता ते?"

मी तिला तसं म्हटलं होतं, पण त्यावर तिचा विश्वास बसावा असं काही केलं नव्हतं. ती अजूनही चष्मे पुसता पुसता स्वतःच्या बोटांकडे बघत असेल, हे मला त्या क्षणापर्यंत सुचलं नव्हतं. खरं म्हणजे सुचलं होतं. मी सुचू दिलं नव्हतं.

"लिहून घ्या," ते म्हणाले. "यांच्या पुस्तकात साचा लगेच नळाखाली धरायला सांगितलंय. धरू नका. त्याच पाण्यात आपोआप गार होऊ द्या. तीन तास लागतात. घाई केली की दाताशी हिरडी तडकते. एवढंच आहे."

मी लिहून घेतलं. "एवढं साधं," मी म्हटलं.

"मला कळायला चार वर्षं लागली," ते म्हणाले. "एक विचारू का, ताई?"

"विचारा ना."

"त्या मशीनचं झाकण काचेचं आहे म्हणतात. आतलं दिसतं का?"

"दिसतं."

"आणि आपण बसलं तरी चालतं?"

"चालतं," मी म्हटलं.

"बरं झालं. तुमची तरी सोय झाली." त्यांच्या मागे पाणी खदखदत असल्याचा आवाज येत होता. "ठेवतो आता. माझा पारा वर चाललाय."

मी मास्तरांची कवळी नव्याने केली. मेणात दात लावले, साचा भरला, गोळा मळला, दाबला आणि मशीनमध्ये ठेवून आकडा लावला. पांढरा दिवा लागला. आता मला काही करायचं नव्हतं. खुर्ची पाठीमागे दोन पावलांवर होती. गुडघ्यांतून कळा येत होत्या, दोनदा खुर्चीच्या पाठीला हात लावून बघितला, पण बसवेना. ह्यांनी दारातून डोकावून विचारलं, "अगं, आता तरी बसायचं ना?" मी म्हटलं, "बसते, तुम्ही जा." ते गेले. मी काचेतून पाण्याकडे बघत, साचा शिजून गार होईपर्यंत उभीच राहिले.